सात डबे आणि एक वही

चि. भाचेबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझ्या सात जुन्या कॉम्प्युटरांचा फोटो पाहिला. पलंगाखाली चार, टेबलावर दोन आणि एक चक्क देवघराशेजारी! भंगारवाल्याने किलोच्या भावाने दिले म्हणतेस. मला हेवा वाटला आणि तुझ्या आईची कीवही आली.

"सगळ्यांवर कुठलं लिनक्स टाकू?" असं विचारतेस. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी पण फुकट मिळणारी सिस्टीम, तिचे प्रकार ढीगभर. ते नंतर बघू. आधी सांग, कुठला डबा काय काम करणार? माझ्याकडे एके काळी अकरा होते. ज्यांना काम नव्हतं ते धूळ खात पडले आणि शेवटी ई-कचऱ्यात गेले. उरलेल्या चारांतला पहिल्या पिढीतला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घरातली गाणी सांभाळतो. दिवसरात्र चालू असतो, पण खातो जेमतेम 3 वॅट, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. माझा पेंटियम फोरवाला जुना डबा नुसता बसून 80 वॅट ओढतो. तो अखंड चालवला तर महिन्याला 55-60 युनिट होतील, म्हणून त्याला फक्त रविवारी उठवतो. पावसाळ्यात मात्र आठवड्यातून दोनदा, तासभर तरी. आतली ऊब दमट हवेला दूर ठेवते.

आता लिनक्स. आधी प्रोसेसर जुन्या 32-बिट जातीचा की नव्या 64-बिट जातीचा ते बघ. तुझ्या त्या छोट्या नेटबुकात अ‍ॅटम एन 270 आहे, तो निव्वळ 32-बिट. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार; 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. डेबियन 12 चालेल, किंवा नेटबीएसडी ही लिनक्ससारखीच वेगळी फुकट सिस्टीम लावून बघ. जुन्या यंत्रांवर त्या लोकांचा फार जीव. (गंमत म्हणजे लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये ज्या 386 प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतलं, त्या 386 ला 2013 च्या 3.8 कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, निरोप दिला.) पण 1 जीबी रॅमवर आजचा ब्राउझर धापा टाकणार, मग सिस्टीम कितीही हलकी असो. त्या नेटबुकवर लिही, प्रोग्रॅम कर, एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड चालवायची सोय) दुसऱ्या मशीनवर जा. यूट्यूबचा हट्ट धरू नकोस.

लोड झालं, वायफाय लागलं आणि तरी एकही साइट उघडेना, तर आधी तारीख बघ. मी या पायी एक अख्खा शनिवार-रविवार ड्रायव्हर बदलण्यात घालवला. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर 2032 सेल मेला होता आणि मशीन जानेवारी 2002 मध्ये जगत होतं. त्याच्या हिशेबाने साइटची ओळख पटवणारी आजची सगळी सर्टिफिकेटं भविष्यातली, म्हणून ब्राउझर विश्वासच ठेवेना. नाण्याएवढा सेल बदलला आणि काम झालं.

डिस्कचं जरा गंभीरपणे सांगतो. भंगारातल्या डिस्कवर कुणाचे तरी लग्नाचे फोटो असतात, पॅनकार्डाचे स्कॅन असतात. आत डोकावायचं नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवायचं आणि पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून टाकायची. डीडी कमांडने ते होतं, पण ती "नक्की ना?" असं विचारत नाही. मी एकदा दुसऱ्या डिस्कचं नाव एसडीबी लिहिण्याऐवजी पहिलीचं एसडीए लिहिलं आणि तुझ्या मामेभावाच्या मुंजीचे सगळे फोटो गेले. मामी अजून काढते तो विषय. म्हणून आधी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवून डिस्कची साइज जुळव, घरची डिस्क काढून बाजूला ठेव आणि मगच एंटर दाब.

एक दोनशेपानी वही घे. प्रत्येक डब्याला एक पान: रॅम किती, डिस्क कुठली, काय लोड केलं, कधी, काय बिघडलं. सहा महिन्यांनी तुझं तुलाच आठवणार नाही.

त्या मोठ्या डब्याच्या एसएमपीएसमधून (आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून) जळका वास येतो म्हणालीस. तो उघडू नकोस, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. दिवाळीत येतोय, माझ्याकडे एक जादा पडलाय तो घेऊन येतो. तोवर देवघराशेजारचा डबा तेवढा हलव.

तुझा मामा