चित्रण की प्रतिनिधित्व?

एका अनुवादकाचा प्रश्न असा आला आहे: ऑस्ट्रेलियातले आदिवासी सिनेमा-टीव्हीवर कसे दिसतात, यावरचा एक लेख मराठीत आणताना 'रिप्रेझेंटेशन'ला 'प्रतिनिधित्व' म्हटलं. संपादकांनी ते सगळीकडे खोडून 'चित्रण' केलं. बरोबर कोण?

दोघंही, पण 'सगळीकडे' ही दोघांचीही चूक. इंग्रजीत एकाच शब्दात भागतं, मराठीत दोन लागतात. माझ्या मते ही मराठीची सोय आहे, अडचण नव्हे.

'प्रतिनिधी' म्हणजे दुसऱ्याच्या जागी ठेवलेला. यज्ञात सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याऐवजी जे वापरायचं, त्यालाही हाच शब्द आहे. राजाराम महाराजांनी जिंजीत प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' केलं तेव्हा त्यात राजाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार आला. पुढे औंधकरांचं तर ते आडनावच झालं. थोडक्यात, प्रतिनिधीला कुणीतरी नेमलेलं किंवा निवडून दिलेलं असतं. चित्रणाला असं काही लागत नाही, काढणारा असला की झालं. 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ठाकर आदिवासींचं चित्रण आहे, हे आपण सहज म्हणतो. 'ठाकरांचं प्रतिनिधित्व आहे' म्हणून बघा, जीभ अडखळते.

आता ऑस्ट्रेलियात जाऊ. १९७२ साली तिथल्या टीव्हीवर 'बोनी' नावाची गुप्तहेर मालिका आली. नायक अर्धा आदिवासी, पण काम करणारा नट न्यूझीलंडचा गोरा, चेहऱ्याला काळपट रंग लावलेला. इथे चित्रण शंभर टक्के, प्रतिनिधित्व शून्य. त्याआधीचा 'जेडा' (१९५५) हा चित्रपट मात्र कोड्यात टाकतो. दोन्ही प्रमुख भूमिकांत आदिवासी कलाकार, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट. पण नायिका झालेल्या रोझाली कुनोथ या मुलीचं नाव श्रेयनामावलीत 'न्गार्ला' करून टाकलं. चेहरा तिचा, कथा दुसऱ्यांची आणि नावही दुसऱ्यांनी ठेवलेलं. मी इथे 'पडद्यावर दिसणं' एवढंच म्हणेन. साधं क्रियापद आहे, पण नको तो दावा करत नाही.

'टेन कनूज' (२००६) या चित्रपटाला मात्र 'प्रतिनिधित्व' बिनधास्त लावा. १९३०च्या दशकात डोनाल्ड थॉमसन या मानववंशशास्त्रज्ञाने दलदलीत झाडाच्या सालीच्या होड्या हाकणाऱ्या दहा जणांचा फोटो काढला होता. हा फोटो दिग्दर्शक रॉल्फ डी हीरपुढे ठेवला तो नट डेव्हिड गुलपिलिल यांनी. होड्या रामिंगिनिंग या तिथल्या आदिवासी वस्तीतल्या लोकांनी पुन्हा बनवल्या, भूमिका फोटोतल्या माणसांशी असलेल्या नात्यांवरून ठरल्या आणि पात्रं आपल्याच भाषांत बोलली. डी हीर गोरे, पण सहदिग्दर्शक पीटर जिगिर तिथलेच. पुढे 'रेडफर्न नाऊ' (२०१२) या मालिकेत लेखन-दिग्दर्शनही आदिवासींच्याच हाती आलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एनआयटीव्ही ही त्यांची वाहिनी देशभर मोफत दिसू लागली.

व्याकरणाकडेही बघा. 'आदिवासींचं चित्रण' यात षष्ठी बहुतेक वेळा कर्माची: त्यांना कुणीतरी चितारतंय. 'आदिवासींनी केलेलं चित्रण' म्हटलं की कर्ता पुढे येतो. तुमच्या लेखातली निम्मी वाक्यं एवढ्याने सुधारतील.

'चित्रण' हा शब्द मला इथे आणखी एका कारणाने आवडतो. ऑस्ट्रेलियन टीव्हीवर कार्यक्रमाआधी पाटी येते: आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या प्रेक्षकांनी लक्षात घ्यावं, यात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात. गेलेल्या माणसाचं नाव घेणं, छबी दाखवणं अनेक जमातींत काही काळ टाळतात. २०२१ मध्ये गुलपिलिल गेले तेव्हा बातम्यांत काही दिवस, कुटुंबाच्या इच्छेनुसार, त्यांचं नाव 'डेव्हिड दालाइथ्ङू' असं येत होतं. जिथे नुसत्या छबीलाही परवानगीचा प्रश्न असतो, तिथे 'चित्र' हा धातू शब्दात राहिलेला बरा.

त्याच लेखात 'सोशल व्हॅल्यू'चं तुम्ही केलेलं 'सामाजिक मूल्य' वाचून मला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवला. 'समाजाच्या दृष्टीने मोल' करा, किंवा सरळ 'यातून समाजाला काय मिळतं' असं विचारा.

जाता जाता: मथळ्यात 'आदिवासी' चालेल. 'मूलनिवासी' नको, महाराष्ट्रात त्याला बहुजन चळवळीतला वेगळा अर्थ चिकटलेला आहे. मजकुरात मात्र योल्ङू, वार्लपिरी अशी ज्या त्या जमातीची नावं द्या. आणि कुणी 'सादरीकरण' सुचवलंच, तर ते पॉवरपॉइंटवाल्यांना देऊन टाका.