पंचेचाळीस हजारांतले हातात किती?

देवगडहून एका वाचक ताईंनी लिहिलंय, थोडक्यात असं: वय २७. रत्नागिरीच्या एका न्यूज पोर्टलसाठी घरूनच व्हिडिओ एडिटिंग आणि रील्स करते. ठरलेले १९ हजार, खात्यात येतात १७,१००. शिवाय तारकर्लीचे दोन होमस्टे आणि हंगामात आंबेवाले यांच्या रील्सचे महिन्याला सरासरी ८ हजार सुटतात. घरी १० हजार देते, स्वतःला ५ लागतात, उरलेले शिल्लक. आता मुंबईच्या एका डिजिटल मीडिया कंपनीची 'सोशल मीडिया प्रोड्युसर' म्हणून ५ लाख ४० हजारांची ऑफर आहे. पगार सांगणाऱ्या साइटवर याच पदाला कुठे ४ लाख, कुठे ११ लाख दिसतात. खरं काय मानू, आणि जाऊ का?

ताई, त्या साइट खोट्या नाहीत, पण तिथले आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. 'प्रोड्युसर' म्हणजे एका ठिकाणी दिवसाला सहा रील्स कापणारी मुलगी, तर दुसऱ्या ठिकाणी पाच जणांची टीम सांभाळणारा माणूस. दोघांची सरासरी काढली की कुणाचाच पगार कळत नाही. ग्लासडोअर किंवा अँबिशनबॉक्स उघडलंत तर आधी तो आकडा किती जणांच्या माहितीवर काढलाय ते बघा. चार-पाच नोंदी असतील तर सोडून द्या. मग शहर मुंबई, अनुभव तुमच्याइतका, असं गाळून घ्या. तरीही मराठी डेस्क आणि इंग्रजी डेस्क वेगळे दिसणार नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्यांच्या पे-स्लिपांत खरा फरक तिथेच असतो.

छापील वर्तमानपत्रांत निदान एक कागद आहे: वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवणारं मजिठिया वेतन मंडळ, अधिसूचना २०११ची, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कायम केलेली. किती मालक ते पाळतात तो वेगळा विषय, पण बोट ठेवायला काहीतरी असतं. पोर्टलवाल्यांसाठी असा तक्ता नाही. म्हणून आडून माहिती काढावी लागते. प्रसार भारतीच्या कंत्राटी भरतीच्या जाहिरातीत एडिटरचं मासिक मानधन छापलेलं असतं. तो एक चांगला खुंटा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर वार्षिक अहवालात संचालकाचं मानधन मधोमधच्या (मीडियन) कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे ते द्यावंच लागतं. भागाकार करा, अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर कुठल्याही आस्थापनेचं नाव शोधता येतं. कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला, किती रक्कम, किती कर्मचारी, सगळं दिसतं. सहा महिन्यांच्या तारखा बघा. पीएफ दर वेळी रखडत असेल तर पगारही रखडत असण्याची शक्यता धरा. माझ्याकडे वेंगुर्ल्याचा एक मुलगा आला होता, कागदावर ७ लाख, आणि पगार कधी १८ तारखेला, कधी २५ला. पहिल्याच आठवड्यात ही यादी बघितली असती तर त्याचं वर्ष वाचलं असतं.

तरी शेवटी माणसंच लागतात. आपल्याकडे पगार विचारणं म्हणजे उद्धटपणा. पण 'तुका किती गावतत' असं विचारायचंच नाही. विचारायचं, 'मराठी डेस्कवर तीन वर्षांच्या एडिटरला हातात तीस पडतात की चाळीस?' समोरचा स्वतःचा आकडा न सांगता खरं सांगून जातो. जे नोकरी सोडून गेलेत त्यांना आधी गाठा. आणि गणपतीला जाणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसमध्ये शेजारी कुणी मीडियावाला बसला तर चिपळूण येईपर्यंत सगळं कळतं, न विचारता.

आता तुमची ऑफर. तुम्ही १२ने भागून ४५ हजार धरलेत. त्यातले वर्षाचे ६० हजार 'व्हेरिएबल' आहेत, म्हणजे दिले तर दिले. राहिले महिन्याला ४० हजार. बेसिक २० हजार धरलं, तर यातूनच कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे ९६० आणि विम्याचे सुमारे ५०० जातात. मग तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. (महिलांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे, त्यावर नाही.) नव्या करप्रणालीत आयकर शून्य. हातात साधारण ३४,७००.

डोंबिवलीला मावसबहिणीबरोबर खोलीचा वाटा ८,५००, मेस ६,५००, पास-रिक्षा-मोबाइल-किरकोळ ५,५००. हे तुमचेच आकडे. घरचे १० हजार चालूच राहणार. उरले ४,२००. पीएफ खात्यात दरमहा २,३५० पडतील (कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात), तेही धरले तरी ६,५५०. आज तुम्ही देवगडात बसून १० हजारांच्या आसपास टाकताय.

शिवाय तुमचे १,९०० दरमहा कुठे जातात, हे तुम्ही विचारलंच नाही. तो १० टक्के टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. पोर्टल तुम्हाला नोकर धरत नाही, व्यावसायिक धरतं. वर्षाचे २२,८०० तुमच्या पॅनवर जमा आहेत आणि तुमच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे विवरणपत्र भरलं की परत मिळतील. आयटीआर-१ चालणार नाही, कारण हा पगार नाही. तालुक्याच्या एखाद्या कर सल्लागाराकडून भरून घ्या, आणि मुदतीत. मागून परतावा मागणं जिकिरीचं होतं. ते धरून तुमची खरी बचत १२ हजार.

तेव्हा आहे त्या ऑफरवर जाऊ नका. एचआरला मेल करून दोन गोष्टी मागा. एक, व्हेरिएबल फिक्स्डमध्ये घाला. तसं झालं तर हातात ३९,६०० येतील, पीएफसकट बचत ११,४५०, म्हणजे जवळपास आजच्याइतकीच. मग मात्र मी जा म्हणेन, कारण १९ हजारांवरून पुढची उडी देवगडातून मारता येत नाही. दुसरी, बाहेरचं काम करण्याची लेखी मुभा. बहुतेक ऑफर लेटरमध्ये त्याला बंदी असते आणि कुणी ते पान वाचत नाही. फेब्रुवारी ते मे आंबेवाल्यांचं काम रविवारी करता आलं तर खोलीचं भाडं त्यातूनच निघेल.

फिक्स्डला नाही म्हणाले, तर होमस्टेवाल्यांचा दर वाढवून बघा. तुम्ही एका रीलचे किती घेता ते लिहिलं नाहीत, ते कळवा.