गाडी कधी अडते ते आधी लिहून काढा

१५ वर्षांची पेट्रोल गाडी. वर्षभरात बॅटरी, प्लग, पेट्रोल फिल्टर आणि शेवटी सेल्फही (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदलून झाला. तरी दहा-बारा दिवसांतून एकदा ती अडून बसतेच, आणि गॅरेजमध्ये नेली की गुणी बाळासारखी सुरू होते. म्हणून विकायचा विचार चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. विकायचं नंतर बघू. तुमच्या यादीतल्या चारही वस्तू अंदाजाने बदललेल्या दिसतात, मोजमाप करून एकही नाही. पैसे तिथेच गेले.

'सुरू होत नाही' ही एक तक्रार नाही, दोन आहेत. चावी फिरवल्यावर सेल्फ इंजिन फिरवतो का? हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

सेल्फ फिरतच नसेल, किंवा नुसता 'टक्' आवाज येत असेल, तर साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर धरा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर ती नीट चार्ज होत नाहीये किंवा रात्री काहीतरी तिला पितंय. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर चार्ज करून पुन्हा बघा, तरी तसाच राहिला तर बॅटरी थकली. पण सेल्फ मरगळलेला आणि बॅटरीवर मात्र ११-१२ व्होल्ट टिकून, असं दिसलं तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट सेल्फपर्यंत पुरेसा पोचत नाहीये.

जुन्या गाड्यांत हे फार दिसतं आणि नेमकं हेच कोणी तपासत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी हाच सेल्फच्या करंटचा परतीचा रस्ता. ती आतून हिरवी पडते, बोल्टखाली गंज धरतो. मीटर ओहमवर ठेवून तपासलीत तर ठणठणीत दिसेल, कारण पट्टीची एक तार जरी शाबूत असली तरी मीटरच्या चिमूटभर करंटला तेवढी पुरते. सेल्फला लागतात दीडशे-दोनशे अँपिअर. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जळतात.

म्हणून चाचणी भार देऊनच करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला (म्हणजे इंजिन पेटणार नाही). मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा. खुंटीवर आवळलेल्या क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या खुंटीवर. लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ किंवा जास्त आलं तर निगेटिव्ह क्लॅम्प, बॅटरीची निगेटिव्ह वायर किंवा पट्टी आणि तिची टोकं यांतलं काहीतरी दोषी. तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं. मीटरच्या वायरी आणि तुमच्या बाह्या इंजिनच्या फिरणाऱ्या बेल्टपासून लांब ठेवा.

आता दुसरी तक्रार: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास चालवून गाडी दहा मिनिटं उभी केली की अडते आणि तासाभराने काही न करता सुरू होते, असं असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा भाग). बऱ्याच सेन्सरांच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं. तापलं की तार कुठेतरी सुटते, थंड झालं की पुन्हा टेकते. टोइंग करून गाडी गॅरेजात पोचेपर्यंत ती थंड झालेली असते, म्हणून तिथे रोग दिसत नाही. मेकॅनिक खोटं बोलत नाही, त्याला दिसतच नाही.

अडलेली असतानाच बघा: सेल्फ फिरताना आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा किंचित हलतो का? बऱ्याच गाड्यांत तो दोनशे-तीनशेपर्यंत थरथरतो. शून्यावर मख्ख बसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. काही गाड्यांत चांगल्या सेन्सरवरही काटा हलत नाही, तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर लावून आरपीएमचा आकडा वाचा. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणून सेन्सरला निर्दोष ठरवू नका.

आरपीएम येतोय, तर पेट्रोलकडे वळा. चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पेट्रोल पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली तर फ्यूज, मग रिले (पंपाला करंट देणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. टाकीला खालून हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर पंप जागा झाला तर त्याचे ब्रश झिजलेत, नवीन पंपाची तयारी ठेवा. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, त्यामुळे कायम रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. फक्त सकाळीच लांब सेल्फ मारावा लागत असेल तर चावी तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा; पटकन सुरू झाली तर रात्री पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय.

पावसातच मिसिंग होत (इंजिन झटके खात) असेल तर प्लगला ठिणगी देणारी कॉइल आणि प्लगच्या वायरींना तडे गेलेत का ते बघा. इंजिन चालू ठेवून अंधारात पाण्याचा बारीक फवारा मारला की निळ्या ठिणग्या दिसतात. हात लावायचा नाही.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. दर वेळी अडली की तिथल्या तिथे लिहा: इंजिन गरम की थंड, बंद करून किती मिनिटं झाली, टाकीत किती पेट्रोल, पाऊस होता का, सेल्फचा आवाज, आरपीएमचा काटा, पंपाची गुणगुण. चार नोंदी झाल्या की कारण बहुतेक वेळा स्वतःच वर येतं, आणि ते पान मेकॅनिकला दहा फोनपेक्षा उपयोगी पडतं.

चालताना बंद पडली तर चावी शेवटपर्यंत मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरता जोर शिल्लक असतो. पुन्हापुन्हा पंप न करता एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या.

विकण्याबद्दल विचारलंत म्हणून: वरचे सगळे दोष सुट्या भागांचे आहेत, त्यांच्यापायी गाडी काढू नका. सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्ट होतं तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. तो आत गेला तर मात्र या गाडीवर आणखी एक रुपयाही घालू नका.