छंद म्हणून जपानी शिकतोय, पण तीन-चार महिन्यांनी उत्साह मावळतो. टिकवायचा कसा?

रोजचा अभ्यास वीस मिनिटांवर आणा आणि त्यातली निम्मी वेळ तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या जपानी मजकुराला द्या, मग ते मांगा (जपानी चित्रकथा) असो, गाणं असो की पाककृती. उत्साह मावळतो तो बहुतेकदा आळसामुळे नव्हे, अपेक्षेमुळे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामापुरती जपानी यायला वर्गातले सुमारे २२०० तास धरते, स्पॅनिशला ६०० ते ७५०. रोजच्या वापरातल्या कांजींची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरचिन्हांची, अधिकृत यादीच २१३६ चिन्हांची आहे. म्हणजे चौथ्या महिन्यात अडखळणं अगदी स्वाभाविक आहे, त्यात तुमचं काही चुकत नाही.

मराठी माणसाला वाक्यरचना मात्र सोपी जाते, ही फार मोठी जमेची बाजू! 'वाताशी वा मिझू ओ नोमिमास' म्हणजे 'मी पाणी पितो': क्रियापद शेवटी, प्रत्ययासारखा 'ओ' नामानंतर.

शब्दांची उजळणी आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने अशी अंतर वाढवत करा. १८८५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगाने होतं, म्हणून पहिली उजळणी लवकर हवी.

परीक्षेची तारीख ठरलेली असेल, तर वीस मिनिटं पुरणार नाहीत. हा सल्ला निव्वळ छंदापुरताच घ्या.