येशू देव होता की माणूस? की दोन्ही अर्धा-अर्धा?

तुम्ही विचारलंय, "ख्रिस्ती लोक येशूला देव मानतात की माणूस? दोन्ही असेल तर तो राम-कृष्णासारखा अवतारच झाला ना?" मी ठाण्यातला मराठी कॅथलिक. रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच वेळा अंगावर आलाय. उत्तर एका ओळीचं आहे: पूर्ण देव, पूर्ण माणूस आणि तरी व्यक्ती एकच. पन्नास-पन्नास टक्के नाही. पाठ करायला सोपं, पचायला जड.

देवपणाचं आधी उरकतो. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणायचा की पुत्र, म्हणजे येशू, थोर खरा, पण तोही निर्माण केलेलाच. तो नव्हता असा एक काळ होता. त्यावरून ३२५ साली निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशप जमले आणि त्यांनी ठरवलं की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. भांडणं मात्र त्यानंतरही पन्नासेक वर्षं चाललीच.

खरी अडचण पुढे आहे. माझा अनुभव असा की आम्हा ख्रिस्ती लोकांना येशूचं देवपण जड जात नाही, माणूसपण जातं. एकदा वर्गात चौथीतल्या मुलाने विचारलं, "सर, येशूला सर्दी व्हायची?" सगळे हसले. मी म्हटलं, शरीर होतं म्हणजे होत असणार. तर लगेच पुढचा प्रश्न: "मग त्याला पाढे येत होते की पाठ करायला लागायचे?" मी विचारात पडलो, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "देवाला काय पाठ करायला लागणार? सगळं येत असेल, नुसतं दाखवत असेल येत नाही म्हणून."

ते "नुसतं दाखवत असेल" चौथ्या शतकात एका विद्वान बिशपच्या शिकवणुकीतूनही निघत होतं. लाओदिकेयाच्या अपोलिनारिसचं मत असं, की येशूचं शरीर माणसाचं, पण माणसाच्या मनाच्या जागी आत देवाचा शब्द, म्हणजे देवपुत्रच. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेने ते फेटाळलं. त्याच काळातला बिशप, नाझियान्झसचा ग्रेगरी, याचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो: जे त्याने अंगावर घेतलंच नाही, ते बरंही झालं नाही. माणसाचं मन जर त्याने घेतलं नसेल, तर आमची भीती आणि आमचे संशय त्याच्या तारणाबाहेरच राहिले. लूकच्या शुभवर्तमानात लहान येशू ज्ञानाने वाढत गेला असं सरळ लिहिलंय. मार्कमध्ये तर जगाचा शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, हे तो स्वतः सांगतो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, माझी नव्हे तुझी इच्छा होवो, असं तो पित्याला म्हणतो. माणसाची वेगळी इच्छा त्याच्यात नसती तर ते नाटक ठरलं असतं. तेव्हा पाढे पाठ करावे लागले असणार, असं मी पुढच्या रविवारी मुलांना सांगून टाकलं. ती मुलगी काही पटलेली दिसली नाही.

मग ही दोन्ही एकत्र राहतात कशी? ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेने चार नकार दिले: देवपण आणि माणूसपण या दोन स्वभावांची मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. कसं आहे ते सांगितलंच नाही, कसं नाही तेवढं सांगितलं. नेति नेति ऐकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. मिस्सात फादर द्राक्षरसात पाण्याचा एक थेंब टाकतात आणि हलक्या आवाजात म्हणतात की ज्याने आमचं माणूसपण घेतलं त्याच्या देवपणात आम्हाला वाटा मिळो. लहानपणी वेदीसेवक होतो तेव्हा पाण्याची छोटी सुरई माझ्याच हातात असायची. पुढे मी तोच थेंब वर्गात उदाहरण म्हणून वापरू लागलो, तेव्हा आमच्या फादरांनी थांबवलं: थेंब मिसळून जातो रे, आणि परिषदेने पहिला नकार मिसळीलाच दिलाय.

खाल्केदोन सगळ्यांनी मानलं नाही, हेही सांगायला हवं. माझी एक मल्याळी सहकारी जॅकोबाइट, म्हणजे केरळमधल्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चची आहे, ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळला जाते. तिचं चर्च एकच, एकवटलेला स्वभाव म्हणतं. ऐरोली ते तुर्भे आमचा यावर वाद झालाय. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) झक्का यांनी फरक शब्दांचा आहे, श्रद्धेचा नाही, असं संयुक्तपणे जाहीर केलं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग दीड हजार वर्षं काय करत होतात?"

आता अवतार. तुलना अगदीच चुकीची नाही. कृष्णालाही व्याधाचा बाण लागतो. पण अवतार युगायुगांत होतात, येशूचं देहधारण आम्ही एकदाच मानतो. आणि काम झाल्यावर त्याने देह उतरवून ठेवला, असं आम्ही मानत नाही. पुनरुत्थानानंतर थोमा या शिष्याला तो हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो. तो माणूस अजून माणूसच आहे, ही आमची श्रद्धा.

जमलं तर नाताळच्या मिस्साला तलावपाळीजवळच्या संत जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये या. श्रद्धाघोषणा सुरू झाली की लक्ष द्या. येशूला देवापासून देव म्हणतात तेव्हा सगळे उभेच असतात. "माणूस झाला" या शब्दांशी मात्र गुडघे टेकतात, आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते पुढच्या बाकाला धरून वाकतात.