परदेशात राहून हिवाळ्यात छोटं लग्न करायचंय, तयारी कुठून सुरू करू?

आधी कागदपत्रं बघा, हॉल नंतर. अविवाहित असल्याचा दाखला बऱ्याच ठिकाणी मागतात, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, लागू शकतं (१९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये ते चालतं) आणि काही दाखल्यांची मुदत थोडेच महिने असते, म्हणून फार लवकर पण काढू नका. मग लग्न जिथे आहे तिथला एकच भरवशाचा माणूस ठरवा नि निर्णय त्याच्यावर सोडा, ग्रुपवर सगळ्यांची मतं विचारत बसलात तर काही ठरणार नाही. हॉल व्हिडिओ कॉलवर बघाल तो लग्नाच्या वेळेलाच, म्हणजे संध्याकाळी उजेड किती उरतो, हीटर चालतो का, दार उघडलं की गार वारा थेट आत येतो का ते दिसेल. फोटो अंधार पडायच्या आधीच उरकायचे, दिवस लहान असतो. धुक्या-बर्फात विमानं लेट होतात, चार-पाच दिवस आधीच पोचा.