निकाहनाम्यातला मेहर: मुअज्जल की मुवज्जल?

विचारणा अशी होती की एका उर्दू निकाहनाम्याचं मराठी करताना मेहरच्या रकमेपुढे ‘मुअज्जल’ असं दिसलं, एका डिक्शनरीत त्याचा अर्थ ‘ताबडतोब’ सापडला आणि दुसरीत ‘मुदतीनंतर’, मग खरं काय धरायचं, आणि मेहरला सरळ ‘हुंडा’ लिहिलं तर चालेल का.

हुंडा प्लीज लिहू नका. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो, मेहर नवऱ्याकडून बायकोला मिळतो आणि तो तिचा स्वतःचा असतो, तिच्या बापाचा पण नाही. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात व्याख्या करतानाच शरीयत लागू असलेल्यांचा मेहर त्यातून वगळलाय, म्हणजे कागदावर मेहरला हुंडा म्हटलं तर अर्थ पार उलटा होतो. आता गंमत नाही, दुखणं आहे ते असं की हैदराबादकडे ‘जोडे की रकम’ म्हणून जे मुलाकडचे मागतात तो खरा हुंडा, शरीयतमध्ये त्याला काहीही आधार नाही, तो निव्वळ रिवाज, आणि एकाच लग्नात मेहर उधार राहतो आणि जोड्याची रक्कम मात्र आधी रोख मोजून घेतली जाते.

आता मुअज्जल. हे दोन वेगळे अरबी शब्द आहेत आणि आपल्याकडच्या तोंडात जवळपास एकच होतात. एक ‘ऐन’ अक्षराचा, त्याचं मूळ घाईचं, उर्दूतला ‘उजलत’ त्यातलाच, हा मेहर बायको मागेल तेव्हा द्यावा लागतो. दुसरा ‘हमजा’चा, मूळ मुदतीचं, शायरीत मृत्यूला ‘अजल’ म्हणतात ते हेच, ठरलेली वेळ. हा दुसरा नीट वेगळा ऐकू यावा म्हणून बरेच जण ‘मुवज्जल’ म्हणतात, आणि त्यात वेगळी मुदत लिहिली नसेल तर तो तलाक झाला किंवा दोघांपैकी एक वारलं की देय होतो. तुमच्या दोन्ही डिक्शनऱ्या बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या शब्दांबद्दल बोलतायत. तेव्हा देवनागरी प्रतीवर विसंबू नका, उर्दू मूळ प्रत उघडा आणि ‘मीम’नंतर काय आहे बघा, ‘ऐन’ असेल तर मागताक्षणी, ‘वाव’ आणि त्यावर हमजा असेल तर मुदतीचा. घरात बोलताना लोक हा सगळा घोळ टाळून ‘मेहर नकद है के उधार’ एवढंच विचारतात, आणि ते एकदम स्पष्ट आहे.

पण समजा काहीच लिहिलं नाही, नुसती रक्कम आहे, तर? मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. शिया कायद्यात मग सगळा मेहर मागताक्षणी देय धरतात. सुन्नींच्या हनफी नावाच्या शाखेच्या कायद्यात त्यातला किती भाग आधी आणि किती नंतर हे त्या घराण्यात, त्या भागात काय चालत आलंय त्यावरून आणि दोन्ही बाजूंच्या ऐपतीवरून ठरवतात. रक्कमच ठरवली नसेल तरी निकाह बरोबरच असतो, मग ‘मेहर-ए-मिस्ल’ लागू होतो, म्हणजे मुलीच्या बापाकडच्या बायकांना, तिच्या बहिणींना, आत्यांना किती मेहर बांधला होता ते बघून तसाच तिला. म्हणजे आत्याचा निकाहनामा हा इथे चक्क पुरावा होतो.

लोक मला नेहमी सांगतात की १९३७ च्या शरीयत ॲक्टनं रिवाज संपवला. त्या कायद्याच्या कलम २ मध्ये तसं आहे खरं, विरुद्ध रूढी असली तरी निकाह, मेहर, तलाक वगैरेला शरीयतच लागू. पण रूढी नुसती बाहेरून येत नाही ना, ती शरीयतच्या आतच बसलीय. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, ‘उर्फ’ म्हणजे लोकांत माहीत असलेली रीत, आपण ‘उर्फ’ टोपणनावापुढे लावतो तो हाच शब्द, कारण त्यातही ‘ज्या नावानं लोक ओळखतात ते’ एवढाच अर्थ आहे. तुर्कांच्या उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी नियमांची जी ‘मजल्ला’ नावाची संहिता तयार झाली तिच्या ४३ व्या कलमात म्हटलंय की रीतीनं जे सर्वांना माहीत ते अट घातल्यासारखंच. मेहरचं वर जे सांगितलं ते याच विचारातून आलंय. त्यामुळे शरीयत एका बाजूला आणि रिवाज दुसऱ्या बाजूला अशी रेघ मारणं मला पटत नाही, काही रिवाज शरीयतनं स्वतः हाताला धरून आत घेतलेत, काही निरुपद्रवी म्हणून राहिलेत, जसं हैदराबादी नवरीच्या गळ्यातला काळ्या पोतीचा लच्छा, ज्याच्याशिवाय निकाह पक्का होतो पण घरातल्या बायकांना तो झाल्यासारखा वाटत नाही. आणि काही उघड शरीयतच्या विरुद्ध जाऊन टिकलेत. नवऱ्याची मय्यत घरात असताना बायकोकडून ‘मेहर माफ किया’ वदवून घेणं हा त्यातला सर्वात वाईट. मेहर हे कर्ज आहे, वारसांत वाटणी व्हायच्या आधी ते फिटलं पाहिजे, आणि माफी स्वखुशीची असेल तरच माफी, त्या रडारडीत घेतलेल्या माफीला काय अर्थ आहे.

तुमच्या कागदात रकमेनंतर ‘सिक्का-ए-रायजुल वक्त’ असंही असेल बहुतेक. ‘रायज’ आणि ‘रिवाज’ एकाच धातूचे, दोन्हीत चालू असणं आहे, म्हणून त्याचं ‘त्या वेळच्या चालू चलनात’ असं करा. मेहर ‘मेहर’च ठेवा, आणि पुढे ‘मागताक्षणी देय’ किंवा ‘मुदतीनंतर देय’. ‘तात्काळ’ नको, त्यानं लग्नातच दिला असा समज होतो. दिलेला असेल तर तसं वेगळं लिहिलेलं असतं, ते वाक्य शोधा.